फाईल आणि वादक

ध्वनिफीत म्हणजे होऊन गेलेल्या मैफलीचा ठसा. ट्रॅकर संगीताची फाईल तशी नसते. तिच्यात वाद्यांच्या आवाजाचे छोटे नमुने असतात आणि कोणता नमुना, कोणत्या सुरात, केव्हा वाजवायचा याच्या ओळी असतात. वाद्ये व स्वरलिपी दोन्ही तिच्यात. वादक मात्र आपल्या संगणकातील आज्ञावली.

कार्स्टन ओबार्स्की यांच्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ने १९८७ साली अमिगा संगणकावर ही परंपरा सुरू केली. एका वेळी आवाज चारच; दोन डावीकडून, दोन उजवीकडून. पुढे स्क्रीम ट्रॅकर, फास्टट्रॅकर, इम्पल्स ट्रॅकर आले. कंप, मींड यांचे नियम प्रत्येकाने थोडे निराळे ठेवले.

लिनक्सवर मी प्रथम फास्टट्रॅकरची एक रचना एका जुन्या आज्ञावलीतून ऐकली. मींड सुरावर न थांबता पुढे घसरे. मी रचनाकारालाच बेसूर ठरवले! नंतर तीच फाईल ‘ओपनएमपीटी१२३’मधून ऐकली आणि मींड नेमकी सुरावर थांबली. ही आज्ञावली ज्यावर उभी आहे, त्या ‘लिबओपनएमपीटी’चे कर्ते जुन्या ट्रॅकरांचे दोषही जपतात, कारण रचनाकाराने ते दोष ऐकतच रचना बांधलेली असते. खात्री हवी असल्यास फास्टट्रॅकर २ ची नक्कल असलेला ‘एफटी२ क्लोन’ लिनक्सवर चालतो. दोन्ही ताडून पाहावेत.

रचनेला नावे ठेवण्यापूर्वी वादक तपासावा, एवढे मी यातून शिकलो.