लग्नाची पत्रिका आणि 'ओके'चे बटण



लग्नसराई आली की आपल्या मोबाइलवर पत्रिका येऊ लागतात. गेल्या मोसमात एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. ओळखीच्या नंबरवरून आलेली पत्रिका त्यांनी उघडली, दोन-तीनदा 'ओके' दाबले. पत्रिका काही दिसली नाही. संध्याकाळपर्यंत खात्यातले पैसे गेले. चार दिवस त्यांनी घरात कोणालाही सांगितले नाही. 'मुलगा म्हणेल, तुला हा फोन दिलाच कशाला!' ही भीती. ते चार दिवस फार महाग पडले.

अशा पत्रिकांबद्दल हिमाचल प्रदेश पोलिसांनी २०२४ मध्येच इशारा दिला होता. खरी पत्रिका म्हणजे फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ. ती 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' ही इंग्रजी अक्षरे असली, तर ते अँड्रॉइड फोनचे ॲप आहे. वाहनाच्या दंडाचे चलनही याच वेशात येते. ॲप आत शिरले की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी चोरापर्यंत पोहोचतो. काही ॲप 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगीही मागतात. ही सोय मुळात अंध व अपंग बांधवांसाठी केलेली. तिच्यामुळे ॲपला पडद्यावरचे वाचता येते, आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. चांगल्या सोयीचा असा दुरुपयोग व्हावा, याचे वाईट वाटते.

ही युक्ती नवी नाही. २००४ साली 'कॅबिर' नावाचा किडा ब्लूटूथवरून सिम्बियन फोनमध्ये पसरला. तोही आधी विचारत असे, 'घेऊ का आत?' आणि लोक 'हो' म्हणत. न विचारता शिरणारी हेरगिरीची साधनेही आहेत. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या नुसत्या कॉलमधून, तो न उचलताही, 'पेगासस' फोनमध्ये शिरले. अशा वेळी सावधपणा पुरत नाही, फोनचे अपडेट वेळेवर घ्यावे लागते. पण आपल्यासारख्यांच्या घरी चोर बहुधा आपल्याच 'हो'मधून येतो.

मग दोष मावशींचा का? अजाणतेपणी केलेली कृती आणि स्वेच्छेने केलेली कृती यांत ॲरिस्टॉटलने फरक केला होता. मावशींनी 'हो' म्हटले ते पत्रिकेला, चोरीला नव्हे. घरच्यांनी आधी रागावू नये. रागाच्या धाकाने माणूस गप्प बसतो आणि चोराला वेळ मिळतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले होते की, खातेदाराच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे. कळवण्याआधीचे मात्र आपले. म्हणून तास मोजायचे असतात.

असे काही घडलेच, तर फोनचे इंटरनेट व वायफाय लगेच बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवा आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. तो संदेश पुसू नका, पुरावा म्हणून लागतो. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरूनच. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी मिस्सानंतर आमच्याकडे यावे. युवक मंडळातील मुले सोबत बसतील. मावशीही येणार आहेत.