गिझर घेण्याआधी पाणी बघा

मेकॅनिकनं आमचा गिझर खोलला तेव्हा कॉइल दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरा, टणक थर चढला होता आणि टाकीच्या तळाशी खपल्यांचा खच पडला होता. असा थर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही. ती स्वतःच तापून जळते. तक्रार केली, तर कंपनीच्या माणसानं वॉरंटी कार्डावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. जड पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही!

आपल्या शहराला जायकवाडी धरणाचं पाणी मिळतं, पण रोज नाही. मधल्या दिवसांत बोअर, नाहीतर टँकर. आपल्या काळ्या खडकातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच. दुकानदार मात्र माणसं किती एवढं विचारतो आणि स्टार दाखवतो. स्टार बघाच, पण साठवलेल्या गरम पाण्यातली उष्णता किती वाया जाते, एवढंच त्यावरून कळतं. क्षारांपुढे कॉइल किती टिकेल, हे नाही.

म्हणून आधी बोअरच्या पाण्याचा कठीणपणा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर 600. घरातल्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजतो.

पाणी जड निघालं तर आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्या. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीचा पत्रा वाचवतो, म्हणून तो बदलता येणारा हवा. थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापवाल, तितके क्षार जास्त बसतात.

सोलरला आपल्याकडे ऊन भरपूर. पण गच्चीवरची टाकी कोरडी पडली आणि टँकर आल्यावर भर दुपारी तापलेल्या काचनळ्यांत गार पाणी शिरलं, की त्या तडकतात. तेव्हा सोलरसाठी पाण्याचा वेगळा साठा राखता येत असेल, तरच त्या वाटेला जा. आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये नकोच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

दुकानात शेवटी एकच विचारा: टाकी खोलून साफ करता येते का, आणि ते काम करणारा माणूस शहरात आहे का? उत्तर गुळमुळीत आलं, तर ते मॉडेल घेऊ नका.