पट्ट्याच्या कडेची लाल दोरी

प्रश्न : अभ्यासभेटीत चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र पाहिले. कोळसा नेणाऱ्या पट्ट्यांच्या कडेने लाल दोरी ताणलेली होती. ती ओढली की पट्टा थांबतो, असे सांगितले. मग दोरी हाताशी असताना ‘चालू पट्ट्याखाली फावडे घालू नका’ अशी पाटी कशासाठी? आणि आम्हा मुलींना आत जाण्याआधी ओढण्या काढून ठेवायला का लावल्या?
— पदविकेची एक विद्यार्थिनी

उत्तर : हिशेब करून पाहा. पट्टा सेकंदाला अडीच मीटर धावतो असे धरू. काहीतरी अडकले हे लक्षात येऊन हात दोरीपर्यंत जायला चपळ माणसालाही एक सेकंद लागतो. तेवढ्यात पट्टा अडीच मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय दोरीने मोटारीची वीज तुटली, तरी कोळशाने लादलेला पट्टा थोडा सरकूनच थांबतो. पट्टा जिथे पुलीवर चढतो त्या सांध्यात फावड्याचे टोक सापडले, तर मूठ सोडायचे सुचण्याआधी हात आत गेलेला असतो. अडकलेल्याला तर अनेकदा दोरी गाठताच येत नाही, ती ओढतो त्याचा साथीदार. म्हणून पट्ट्यावर एकट्याने काम करू नये आणि पुलीपुढची जाळी काढून ठेवू नये.

पण फावडे घेऊन तिथे जायची वेळच का येते? कोळसा सांडतो म्हणून. माझ्या मते पट्ट्याच्या सुरक्षेचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. सांडलवंड थांबली, तर चालू यंत्राजवळ जायचे निम्मे कारणच उरत नाही.

कोळसा सांडतो तो बहुधा पट्टा एका अंगाला सरकल्यामुळे. रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी टेकतो, त्या टोकाकडे तो ओढ घेतो. एखादा रोलर किंचित तिरका बसला किंवा त्यावर ओल्या कोळशाचा थर चढला, की पट्टा वाट सोडतो. दोष कुठे आहे हे डोळ्यांनी ओळखता येते. पट्ट्याचा प्रत्येक भाग एकाच जागी येऊन सरकत असेल, तर त्या जागेचे किंवा तिच्या जरा अलीकडचे रोलर तपासायचे. पट्ट्याचा एकच तुकडा जाईल तिथे सरकत असेल, तर तिथला जोड तिरका पडला आहे किंवा पट्टाच वाकडा झाला आहे. मग रोलर कितीही फिरवले तरी उपयोग नाही. घाईत पट्टा ताणून सरळ करू पाहतात, ते चूक. जादा ताणाने बेअरिंग आणि जोड दोन्ही खराब होतात. ताण कमी पडला तर मुख्य पुली पट्ट्याखाली घसरत राहते आणि घर्षणाने तापते.

कोळशाच्या पट्ट्यावर हे तापणे फार धोक्याचे असते. सांडलेल्या ढिगात रुतलेला रोलर फिरायचा थांबतो, पट्टा त्यावर घासत राहतो आणि खाली भुकटी पडलेली असते. आग लागायला आणखी काही लागत नाही. जाम झालेला रोलर ओरडतो, त्यामुळे फेरी मारणाऱ्याचे कान हे इथले पहिले उपकरण.

दोरीचीही देखभाल लागते. ती सैल पडली, तर ओढूनही स्विच पडत नाही. म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक स्विच खरोखर ओढून पाहावा लागतो. पडलेला स्विच आपोआप पूर्ववत होत नसतो. जागेवर जाऊन हातानेच तो उचलावा लागतो, म्हणजे कुणी आणि का ओढला हे पाहिल्याशिवाय पट्टा सुरू होत नाही. सुरू करण्याआधी भोंगा वाजतो तो पट्ट्याजवळच्या माणसांसाठी.

मात्र दोरी ओढून पट्टा थांबवला म्हणजे दुरुस्तीला हात घालता येतो, असे नाही. त्यासाठी परमिट घेऊन मोटारीचा पुरवठा तोडायचा आणि काम करणाऱ्या प्रत्येकाने तिथे स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली आपल्याच खिशात. एवढ्यानेही भागत नाही. पट्टा ताणून धरणारे लोंबते वजन वीज गेल्यावरही ओढतच असते, आणि चढावरचा भरलेला पट्टा मागे घसरू शकतो. वजन टेकवून किंवा बांधून आणि पट्टा जखडूनच कामाला लागायचे.

ओढणीचे उत्तर आता तुमच्या लक्षात आले असेल. पुलीच्या सांध्याला फावड्याचे टोक पुरते, तसे कापडाचे टोकही पुरते. यंत्र चालू असताना तपासणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, असे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 22 मध्येच लिहिले होते. सैल बाह्या, गळ्यातला मफलर, मोकळे केस यांनाही हाच नियम. हा नियम मुलींपुरता नाही. तुमच्याबरोबरच्या मुलांच्या गळ्यातली ओळखपत्राची फीतही उतरवायला हवी होती.