जनरेटर ऐनवेळी सुरू का होत नाही?

प्रश्न : आमच्या वीस खाटांच्या रुग्णालयात जनरेटर आहे. दर सोमवारी पाच मिनिटे चालवतो. तरी परवा वीज गेल्यावर तो सुरूच झाला नाही. असे का?

उत्तर : आधी बॅटरी तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. मीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ दाखवते, १२ म्हणजे ती बरीच उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज किती कोसळते तेही मोजा. चार्जर आणि टर्मिनलवरचा गंज पाहाच.

पाच मिनिटांची रिकामी फेरी मात्र बंद करा, ती इंजिनाला घातकच आहे. लोड नसला की इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल आणि काजळी सायलेन्सरपर्यंत साचते. महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे, क्षमतेच्या निदान ३० टक्के लोडवर चालवा. चाचणी बटण दाबून नव्हे, मेन स्विच पाडून घ्या. तरच चेंजओव्हरही पारखला जातो. अर्थात शस्त्रक्रिया चालू नसताना आणि वॉर्डात आधी सांगूनच.

पावसाळ्यात डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साठते. तळाचा नळ उघडून ते काढत जा.