न्यायाधीशांची संख्या कशी ठरावी?

वाटपाचा दावा वर्षानुवर्षे प्रलंबित राहिला की त्या जमिनीवर विहीर खोदण्यास कोणीही हिस्सेदार पुढे येत नाही. तारखेस आलेल्या साक्षीदाराचा रोज बुडतो. जामीन न मिळालेला कच्चा कैदी निकालाची वाट पाहत तुरुंगात दिवस काढतो. तालुका व जिल्हा न्यायालयांतील विलंब हा म्हणूनच ग्रामविकासाचाही प्रश्न ठरतो. न्यायाधीश वाढवावेत, हे सर्वमान्य आहे. ते किती व कोठे वाढवावेत, हा खरा विचाराचा मुद्दा आहे.

लोकसंख्येचे प्रमाण

न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८७ मध्ये आपल्या १२०व्या अहवालात दाखवून दिले की, देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे केवळ १०.५ न्यायाधीश होते. हे प्रमाण ५० पर्यंत न्यावे, अशी आयोगाची शिफारस होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००२ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात, पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने हे उद्दिष्ट गाठण्याचा निदेश दिला. ते अद्याप गाठले गेलेले नाही.

आवक आणि निकाल

केवळ लोकसंख्येवरून गरज नेमकी कळत नाही. समान लोकसंख्येच्या दोन तालुक्यांपैकी एकात कारखाने, बाजारपेठ व जमिनींचे व्यवहार अधिक असतील, तर तेथे दावेही अधिक येतात. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१४ च्या २४५व्या अहवालात म्हणूनच दाखल होणारी व निकाली निघणारी प्रकरणे यांवरून संख्या काढण्याची पद्धत सुचविली.

उदाहरणादाखल, एका न्यायालयात वर्षाला ९०० प्रकरणे दाखल होतात आणि तेथील एकमेव न्यायाधीश ७५० निकाली काढतात, असे समजू. दरवर्षी १५० प्रकरणे उरतील व दहा वर्षांत थकबाकी १,५०० होईल. त्याच गतीने काम करणारा दुसरा न्यायाधीश मिळाल्यास वर्षाला १,५०० निकाल होतील. नवी ९०० प्रकरणे वजा जाता ६०० जुनी संपतील आणि अडीच वर्षांत थकबाकी फिटेल. मात्र त्यानंतर हे पद काढून घेतल्यास थकबाकी पुन्हा साचू लागेल. जुना साठा संपविण्यासाठी तात्पुरती पदे पुरतात. नित्याची आवक पेलण्यासाठी स्थायी पदेच लागतात.

अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार देशात १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना २००० साली हाती घेण्यात आली. दीर्घकाळ पडून असलेले सत्र खटले व कच्च्या कैद्यांची प्रकरणे तेथे वर्ग झाली. केंद्राचे अर्थसाहाय्य ३१ मार्च २०११ रोजी थांबले आणि ही न्यायालये चालू ठेवण्याचा भार राज्यांवर आला.

मंजूर पद आणि भरलेले पद

पद मंजूर होणे ही पहिली पायरी होय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ व २३४ अन्वये नेमणुका राज्यपाल करतात. त्यात उच्च न्यायालयाशी विचारविनिमय आवश्यक असतो. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. यांपैकी एक टप्पा रेंगाळला तरी पद रिक्त राहते. यास्तव सर्वोच्च न्यायालयाने मलिक मझहर सुलतान प्रकरणात २००७ मध्ये भरतीचे वेळापत्रकच घालून दिले.

न्यायाधीश आले, पण न्यायकक्ष, लघुलेखक, बेलीफ, सरकारी अभियोक्ता व निवासस्थान नसेल, तर वाढीव पदाचा पुरता लाभ मिळत नाही. नव्या पदाच्या प्रस्तावातच या सर्वांची तरतूद असणे इष्ट होय.

स्थानिक संस्थांचा वाटा

न्यायालयाच्या किंवा निवासस्थानाच्या जागेचा प्रश्न वेळीच सोडविणे, समन्स बजावणीस योग्य पत्ता मिळवून देणे, वारस नोंदी अद्ययावत ठेवण्याचा आग्रह धरणे, ही कामे गावपातळीवर होऊ शकतात. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने किरकोळ तंटे गावातच मिटविण्याचा मार्ग दाखविला. आपसांत मिटण्याजोगा वाद दाव्यापर्यंत न गेल्यास न्यायाधीशांचा वेळ खऱ्या गुंतागुंतीच्या प्रकरणांसाठी उरतो. मात्र गंभीर गुन्हे व दुर्बलांचे हक्क यांचा निवाडा न्यायालयातच व्हावयास हवा, आणि त्यासाठी तेथे पुरेसे न्यायाधीश असणे अगत्याचे आहे.