एका शब्दातील गाय

दंडावर लस टोचून घेताना तुम्हांपैकी कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. या लसीला इंग्रजीत 'व्हॅक्सिन' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात एक गाय उभी आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? लॅटिन भाषेत 'व्हाक्का' म्हणजे गाय.

औषधाच्या नावात गाय शिरली कशी? पूर्वी देवीच्या साथीत घरेच्या घरे ओस पडत. जे वाचत त्यांच्या तोंडावर व्रण राहत. कित्येकांची दृष्टी जाई. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात मात्र गवळणींमध्ये एक समजूत होती. गायीच्या सडांवर येणारे फोड ज्याच्या हातांवर उठले, त्याला पुढे देवी येत नाहीत! तेथील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी ही समजूत हसण्यावारी नेली नाही. १४ मे १७९६ रोजी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीच्या फोडातील द्रव टोचला. केवढे हे धाडस! आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. सुदैवाने जेम्सला देवी आल्या नाहीत.

जेन्नरांनी १७९८ साली याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गायीच्या या रोगाला त्यांनी 'व्हारिओले व्हाक्सिने', म्हणजे 'गायीच्या देवी', असे लॅटिन नाव दिले. त्यातूनच 'व्हॅक्सिन' हा शब्द निघाला.

उष्ण हवेत हा द्रव टिकत नसे. म्हणून एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, असा तो बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोचला. तेथे जून १८०२ मध्ये अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचण्यात आला. आपल्या देशातील ही पहिली यशस्वी लस होय. मराठीतील 'लस' या शब्दाचा मूळ अर्थही फोडातून स्रवणारा द्रव असाच आहे. इंग्रजीने गाय ध्यानात ठेवली, मराठीने तो द्रव!

पुढे फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी अन्य रोगांवर लसी शोधल्या. त्यांचा गायीच्या देवींशी काही संबंध नव्हता. त्यांना निराळे नाव सहज देता आले असते. परंतु १८८१ साली लंडन येथील वैद्यक परिषदेत पाश्चरांनी जेन्नरांच्या सन्मानार्थ तोच शब्द सर्व लसींसाठी वापरावा, असे सुचविले. शब्दांचे अर्थ बहुधा नकळत बदलतात. हा मात्र जाणूनबुजून, कृतज्ञतेने वाढविलेला अर्थ आहे.

१९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सेराच्या हातावर ज्या गायीमुळे फोड उठले, तिचे नाव ब्लॉसम. तिचे कातडे लंडनमधील एका वैद्यकीय महाविद्यालयात जपून ठेवलेले आहे.