नवा शोध की उघड फेरबदल? : पेटंटची एक कसोटी

एखादे उपकरण नवे आहे, एवढ्यावरून ते पेटंटला पात्र ठरत नाही. पेटंट म्हणजे अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षांपर्यंतचा अनन्य हक्क. जाणत्या कारागिराला सहज सुचणाऱ्या सुधारणेवर तो दिला, तर इतरांना आपले नेहमीचे कसबही वापरता येणार नाही. म्हणून पेटंट अधिनियम, १९७० अन्वये नावीन्य व उपयुक्तता यांच्या जोडीला आणखी एक अट आहे : तो शोध त्या विषयातील निष्णात व्यक्तीस उघड नसावा.

एक उदाहरण घेऊ. मानवी डोळ्याला सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक मात्र सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त किरणही टिपतो. त्यामुळे दिवसा चित्राचे रंग बिघडतात. ते टाळण्यासाठी संवेदकापुढे अवरक्त किरण अडविणारा फिल्टर ठेवतात व रात्री तो बाजूला सारतात. समजा, एका अर्जदाराने हा फिल्टर सरकविण्यासाठी विद्युतचुंबकाऐवजी लहान मोटर योजली. हा शोध म्हणावा काय?

निर्णयाचे तीन टप्पे आहेत. अर्जाच्या अग्रता दिनांकास काय ज्ञात होते, हे प्रथम पाहावे. त्याहून अर्जात वेगळे काय आहे, हे नंतर ठरवावे. शेवटी, उत्तर ठाऊक नसलेल्या निष्णात व्यक्तीने त्याच अडचणीपुढे तोच मार्ग धरला असता काय, हे विचारावे. कॅमेऱ्यातील लहान भाग मोटरने सरकविण्याची रीत ज्ञात असेल आणि येथेही मोटर अपेक्षित तेवढेच काम करीत असेल, तर बदल उघड ठरेल. परंतु फिल्टर काढताच प्रकाशमार्ग बदलून प्रतिमा किंचित अस्पष्ट होते. हा दोषही त्याच हालचालीत दूर होत असेल आणि पूर्वीच्या लेखांत त्याची सूचना नसेल, तर निष्कर्ष निराळा होऊ शकेल.

भांडी कातताना ती यंत्रावर धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' या खटल्यात १९७८ साली न्यायालयाने ते टिकू दिले नाही. अनेक वर्षे ज्ञात असलेल्या साधनात केलेला तो कारखान्यातील किरकोळ बदल होता, असे न्यायालयाचे मत पडले. ज्ञात वस्तूंची केवळ जुळणी पुरेशी नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

येथे एक धोका आहे. कोडे सुटल्यावर ते सोपेच वाटते. म्हणून उत्तर हाती घेऊन मागे न पाहता, अर्जापूर्वीच्या दिनांकाचे लेख, नमुने व प्रत्यक्ष वापर यांच्या आधारेच निर्णय व्हावा.

पेटंट मंजूर होण्यापूर्वी अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कोणीही लेखी विरोध नोंदवू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीसही तो हक्क आहे. गावातील कारागिरांच्या रूढ पद्धतींची छायाचित्रांसह दिनांकित नोंद शाळा व पंचायतींनी ठेवून ती प्रसिद्ध केली, तर अशा प्रसंगी तिचा पुरावा म्हणून उपयोग होईल. आपल्या विद्यार्थ्याने खरोखर नवी युक्ती शोधली असेल, तर मात्र ती प्रदर्शनात मांडण्यापूर्वी अर्ज करणे हिताचे ठरेल.